कलावंतालाही पाचारण असते

ख्रिस्ती मंडळीतल्या, म्हणजे चर्चच्या समुदायातल्या, एखाद्या मुलाने ‘मला पाळक व्हायचं आहे’ असे सांगितले की त्याच्यासाठी प्रार्थना होते, वडीलधारे पाठीवर हात ठेवतात, देवाने याला बोलावले आहे असे सगळे म्हणतात. मुलगी नर्स झाली तर तिच्या कामाला सेवा म्हणायला कोणी कचरत नाही. पण कोणी ‘मी चित्रकार होणार’, ‘मी कविता लिहिणार’ किंवा ‘मी तबला शिकायला जाणार’ म्हटले की पहिला प्रश्न पोटापाण्याचा येतो आणि दुसरा हमखास असा येतो : यात देवाचं काम कुठे आहे?

पोटापाण्याचा प्रश्न खरा आहे, त्याकडे शेवटी येऊ. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मात्र ख्रिस्ती विश्वासात फार जुने आहे. ते आपल्या मंडळ्यांतून क्वचितच सांगितले जाते, म्हणून इथे ते जरा सावकाश पाहू.

देवाने माणसाला हाक मारून एखाद्या कामासाठी बोलावणे म्हणजे पाचारण. हौस, गुण आणि व्यवसाय या तिन्हींशी त्याचे नाते आहे, पण ते त्यांच्याहून वेगळे आहे. हौस माझ्यापासून सुरू होते आणि बऱ्याचदा माझ्यापाशीच संपते. गुण जन्माने मिळतो, पण त्याचे काय करायचे हे तो सांगत नाही. व्यवसायात समोर गिऱ्हाईक असते. पाचारणात आधी हाक मारणारा असतो आणि मग माणूस आपल्या कामाने त्याला ओ देतो. ते काम कोणाच्या तरी उपयोगी पडण्यासाठी असते आणि त्याचा हिशेब शेवटी हाक मारणाऱ्याला द्यायचा असतो. अब्राहाम, मोशे, शमुवेल, यशया यांच्या पाचारणाच्या गोष्टी रविवारच्या शाळेतल्या मुलांनाही पाठ असतात. त्याच पवित्र शास्त्रात देवाने एका कारागिराला नाव घेऊन बोलावल्याची गोष्ट आहे, ती फारशी कोणाला आठवत नाही.

बसालेल आणि त्याचे सोबती

पवित्र शास्त्रातल्या निर्गम या पुस्तकाच्या ३१व्या अध्यायात देव मोशेला सांगतो : यहूदा वंशातल्या बसालेलाला मी नाव घेऊन बोलावले आहे, त्याला देवाच्या आत्म्याने परिपूर्ण केले आहे, बुद्धी, समज, ज्ञान आणि सर्व प्रकारचे कसब दिले आहे. हे कशासाठी? रानात देवाच्या उपासनेचा तंबू, म्हणजे निवासमंडप, उभारायचा होता. त्यासाठी सोने, चांदी आणि पितळ घडवण्यासाठी, रत्नांना पैलू पाडण्यासाठी, लाकडावर कोरीवकाम करण्यासाठी. दान वंशातला अहलियाब त्याच्या जोडीला दिला आहे. ‘मी याला माझ्या आत्म्याने भरले आहे’ असे देवाने नाव घेऊन ज्याच्याविषयी म्हटले, तो शास्त्रातला पहिला माणूस हा बसालेल. तो राजा नव्हता, याजकही नव्हता. त्याचे काम हाताचे होते.

हे इस्राएली लोक कोण होते तेही पाहायला हवे. काही महिन्यांपूर्वीपर्यंत ते मिसर देशात फारो राजासाठी विटा पाडत होते. रोजच्या विटांचा आकडा ठरलेला होता. तो भरला नाही तर मार होता. विटांच्या मातीत मिसळायचे गवत देणे बंद झाल्यावरही आकडा तोच राहिला. त्यांच्या हातांना तोवर फक्त वेठबिगारी माहीत होती. आता रानात तेच हात कामाला लागतात, पण हे बोलावणे अगदी निराळे आहे. ज्याच्या मनाला स्फूर्ती झाली, ज्याच्या अंतःकरणाने उचल खाल्ली, त्याने यावे. निर्गमाच्या ३५व्या आणि ३६व्या अध्यायात हे पुन्हा पुन्हा सांगितले आहे. स्त्रिया निळे, जांभळे, किरमिजी सूत कातून आणतात, बकऱ्याचे केस कातून आणतात. लोक साहित्य आणून टाकतात ते इतके, की कारागीर मोशेकडे जाऊन ‘हे गरजेपेक्षा जास्त झाले’ म्हणतात आणि मोशेला छावणीत दवंडी पिटावी लागते की आता आणू नका. मंडळीच्या इतिहासात देणगी थांबवा असे सांगण्याची वेळ क्वचितच आली असेल, आणि ती कलेच्या कामासाठी आली होती!

मला या साऱ्या प्रकरणात हीच गोष्ट सर्वांत मोलाची वाटते. फारोच्या विटा आणि देवाचा निवासमंडप, दोन्ही हातांचीच कामे आहेत. एका कामात माणूस आकड्यापुरता उरतो. दुसऱ्यात त्याचे नाव घेतले जाते, त्याचे मन विचारात घेतले जाते, त्याच्या कसबाला पवित्र आत्म्याचे दान म्हटले जाते. कला हे पाचारण आहे असे जेव्हा ख्रिस्ती माणूस म्हणतो तेव्हा त्याच्या मागे ही सुटका उभी असते.

निर्गमाच्या ४० अध्यायांपैकी १३ अध्याय निवासमंडपाची रचना आणि बांधणी यांवर खर्ची पडले आहेत. दीपवृक्षाच्या फांद्यांवर बदामाच्या फुलांसारख्या वाट्या काढायच्या आहेत. मुख्य याजकाच्या झग्याच्या घेराला निळ्या, जांभळ्या आणि किरमिजी सुताची डाळिंबे लावायची आहेत. निळे डाळिंब कोणत्या झाडाला लागते? कुठल्याच नाही. देवाच्या घरातल्या कलेने निसर्गाची हुबेहूब नक्कल करावी अशी अट नव्हती. सौंदर्याला तिथे जागा होती, आणि कल्पनेलाही.

बसालेलाला आणखी एक दान दिलेले आहे, ते सहसा नजरेतून सुटते. ३५व्या अध्यायात म्हटले आहे की दुसऱ्यांना शिकवण्याची बुद्धीही देवाने त्याच्या आणि अहलियाबाच्या मनात घातली. कसब स्वतःपाशी दडवून ठेवणारा कारागीर या चौकटीत बसत नाही.

लगेच पुढच्या पानावर

आता ३१वा अध्याय संपवून ३२वा उघडा. मोशेला डोंगरावरून उतरायला उशीर झाला म्हणून लोकांनी कानांतली सोन्याची कुंडले काढून अहरोनाला दिली आणि त्याने त्यांचे वासरू घडवले. सोने तेच, माणसेही तीच. कोरणीचे काम इथेही झाले. फरक एवढाच की हे काम कोणत्याही हाकेला दिलेली ओ नव्हते. लोकांच्या भीतीला हवी तशी एक वस्तू बनवून तिलाच त्यांनी देव म्हटले.

म्हणून ख्रिस्ती विश्वासात कलेविषयी जितका आदर आहे तितकीच धास्तीही आहे. दोन्ही एकाच ग्रंथातून, जवळजवळ एकाच पानावरून आल्या आहेत. बसालेलाच्या पाचारणानंतर ३१व्या अध्यायातच देव पुन्हा शब्बाथाची आज्ञा देतो. निवासमंडपाचे काम कितीही पवित्र असले तरी सातव्या दिवशी हत्यारे खाली ठेवायची. हातातले काम पूज्य वाटू लागले की ते वासरू व्हायला वेळ लागत नाही.

ही धास्ती पुढे मोठ्या वादांत उतरली. आठव्या शतकात बायझंटाइन सम्राटांनी चर्चमधली ख्रिस्ताची आणि संतांची चित्रे काढून टाकायला सुरुवात केली. मूर्ती करू नको ही देवाची दुसरी आज्ञा मोडली जाते, हे त्यांचे कारण. तेव्हा यरुशलेमजवळच्या मठात राहणाऱ्या दमास्कसच्या योहानाने चित्रांच्या बाजूने लेखणी उचलली. त्याचा मुद्दा साध्या शब्दांत असा : अदृश्य देवाचे चित्र काढता येत नाही हे खरे, पण तोच देव येशूत देह धारण करून आला, लोकांनी त्याला पाहिले, त्याला स्पर्श केला. जो दिसला त्याचे चित्र काढता येते. मी लाकडाला आणि रंगाला भजत नाही. ज्याने हे सारे निर्माण केले आणि माझ्यासाठी स्वतः देह घेतला, त्याला भजतो. इ. स. ७८७ मध्ये निकिया इथे भरलेल्या धर्मपरिषदेने हीच बाजू मान्य केली. चित्राला मान द्यावा, आराधना फक्त देवाची करावी, असा भेद तिने केला.

सोळाव्या शतकात, युरोपातल्या धर्मसुधारणेच्या काळात, वाद पुन्हा पेटला. १५२४ मध्ये झुरिकमधल्या चर्चमधून चित्रे आणि मूर्ती काढण्यात आल्या. तिथला सुधारक झ्विंगली स्वतः अनेक वाद्ये वाजवणारा माणूस होता, तरी उपासनेत त्याने वाद्यांना जागा दिली नाही. जर्मनीतला सुधारक मार्टिन लूथर त्याच काळातला, पण त्याने स्वतः गीते रचली आणि सगळ्या मंडळीला गायला लावली. महाराष्ट्रात प्रॉटेस्टंट मंडळ्यांची चर्चे भिंतींनी साधी, पण गाण्याने भरलेली दिसतात आणि कॅथलिक चर्चमध्ये चित्रे, पुतळे, वेदीवरचे नक्षीकाम असते. त्या फरकाची मुळे या जुन्या वादात आहेत.

पाचारण फक्त मठातल्यांना?

लूथरने आणखी एक गोष्ट केली, ती कलावंतांसाठी फार महत्त्वाची ठरली. त्याच्या आधी पश्चिमेत पाचारण म्हटले की लोकांच्या डोळ्यांसमोर पाद्री, मठवासी, जोगिणी (नन) येत. लूथर म्हणाला की शेत नांगरणारा, मूल वाढवणारी आई, न्याय देणारा अधिकारी, प्रत्येकाचे काम ही देवाने बोलावलेली जागा आहे, कारण त्या कामातून देव शेजाऱ्याची काळजी घेतो. देवाला आपल्या कामाची गरज नाही, पण शेजाऱ्याला ती आहे.

हे तत्त्व एका संगीतकाराच्या हातून कसे उतरले ते पाहा. योहान सेबास्टियन बाख हा लूथरच्या परंपरेतला. १७२३ पासून १७५० मध्ये मृत्यू येईपर्यंत तो जर्मनीतल्या लाइपझिगच्या चर्चमध्ये संगीत सांभाळत होता, शाळेतली मुले शिकवत होता आणि सुरुवातीच्या वर्षांत जवळजवळ दर रविवारी नवी रचना उभी करत होता. आपल्या अनेक हस्तलिखितांच्या शेवटी तो तीन अक्षरे लिहीत असे, त्यांचा अर्थ ‘गौरव केवळ देवाला’. हे पुष्कळांना माहीत असते. पण ऑर्गन शिकणाऱ्यांसाठी त्याने केलेल्या एका संग्रहाच्या पहिल्या पानावर दोन ओळी आहेत, त्या मला जास्त बोलक्या वाटतात. पहिल्या ओळीत हे काम परात्पर देवाच्या गौरवासाठी आहे असे म्हटले आहे. दुसऱ्या ओळीत ते शेजाऱ्याला काही शिकता यावे म्हणून आहे असे म्हटले आहे. बाखच्या मनात देव आणि शेजारी एकाच पानावर होते. बसालेलाला दिलेली शिकवण्याची बुद्धी इथे पुन्हा दिसते.

मग कलावंत स्वतः कोण? ख्रिस्ती शिकवण इथे एक स्पष्ट रेघ ओढते. देव शून्यातून निर्माण करतो, माणूस असलेल्यातून घडवतो. रंग, सूर, दगड, भाषा, डोळे, हात, सगळे आधी मिळालेले आहे. माणूस देवाच्या प्रतिरूपात निर्माण केलेला आहे, म्हणून घडवण्याची ओढ त्याच्यात आहे, पण तो मालक नाही. पोप दुसरे जॉन पॉल तरुणपणी नाटकांत काम करत, कविता आणि नाटके लिहीत. १९९९च्या ईस्टरला त्यांनी जगभरच्या कलावंतांना पत्र लिहिले, त्यात हाच भेद मांडला आहे. प्रत्येक जण कलावंत नसतो, पण आपले आयुष्य घडवण्याचे काम मात्र प्रत्येकाकडे सोपवलेले असते, असेही त्यात आहे.

सहाव्या शतकात संत बेनेडिक्टने मठांसाठी नियम लिहिले, त्यांतला ५७वा अध्याय फक्त कारागिरांविषयी आहे. मठात कोणी कसबी असेल तर त्याने नम्रतेने, मठाधिपतीच्या परवानगीने आपले काम करावे. पण ‘माझ्यामुळे मठाची कमाई होते’ असा ताठा त्याला चढला तर त्याला त्या कामावरून काढावे आणि तो नम्र झाल्यावर पुन्हा परवानगी द्यावी. वस्तू विकताना बाहेरच्यांपेक्षा थोड्या कमी भावात विकाव्यात, लोभ शिरू देऊ नये. वाचताना हे कडक वाटते. पण यात कसबाला कुठेही कमी लेखलेले नाही. ताठा चढलेल्या माणसाचे काम थांबवतात ते त्याला वाचवण्यासाठी.

विषय धार्मिकच हवा का?

इथे सर्वांत जास्त गोंधळ होतो. ख्रिस्ती चित्रकाराने फक्त ख्रिस्ताची चित्रे काढावीत, ख्रिस्ती कवीने फक्त भक्तिगीते लिहावीत, असे अनेकांना मनापासून वाटते. मला ते पटत नाही, आणि त्याचे उत्तम उत्तर आपल्या मराठीतच आहे.

नारायण वामन टिळकांचा जन्म १८६१चा, कोकणातल्या करजगावचा. १८९५ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि पुढची बरीच वर्षे त्यांनी अहमदनगरला काढली. त्या काळी मराठी उपासनेत भाषांतरित गीते आणि परक्या चाली पुष्कळ होत्या. टिळकांनी अभंग, भजन आणि कीर्तन यांत ख्रिस्त गायला. संतांची, विशेषतः तुकारामांची वाणी त्यांच्या अंगात मुरलेली होती, आणि ती टाकून देऊन ख्रिस्ताकडे यावे लागते असे त्यांना कधी वाटले नाही. आजही ‘उपासना संगीत’ हे मंडळ्यांचे गीतपुस्तक उघडले की त्यांची अनेक पदे सापडतात, आणि खेड्यापाड्यांत पेटी-तबल्यावर ती गायली जातात. पण हेच टिळक मराठी शाळांतून पिढ्यान्‌पिढ्या पोहोचले ते फुलांचे आणि मुलांचे कवी म्हणून. पारध्याच्या हातून घायाळ होऊन पिल्लांपाशी परतणाऱ्या पक्षिणीची त्यांची कविता ज्यांनी वाचली आहे, त्यांना तिच्यात येशूचे नाव कुठेही सापडणार नाही. तरी त्या कवितेतली करुणा आणि त्यांच्या भजनांतली करुणा एकाच झऱ्याची आहे. टिळकांनी आपल्या पाचारणाचे पवित्र आणि संसारी असे दोन कप्पे केले नाहीत. त्यांच्या घरात येऊन राहिलेल्या तरुण बालकवींनाही त्यांनी कवी म्हणूनच जपले.

त्यांनी हाती घेतलेले ‘ख्रिस्तायन’ १९१९ मध्ये त्यांच्या मृत्यूने अपुरे राहिले. ते पुढे नेले लक्ष्मीबाईंनी. शाळेचे तोंड न पाहिलेल्या, नवऱ्याच्या धर्मांतराने आधी कोसळलेल्या, मग पाच वर्षांनी स्वतः ख्रिस्ती झालेल्या या बाईने ते महाकाव्य लिहीत नेले आणि ‘स्मृतिचित्रे’ही दिली. पाचारण एका माणसाबरोबर संपतेच असे नाही.

त्याच्याही मागे, १६१६ मध्ये, गोव्यातल्या रायतूरला फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ छापले गेले. हा इंग्लंडमध्ये जन्मलेला येशूसंघीय (जेझुइट) धर्मगुरू १५७९ मध्ये गोव्यात आला आणि त्याने सुमारे ११ हजार ओव्यांत ख्रिस्तकथा मराठीत सांगितली. ग्रंथाच्या आरंभी एक प्रसंग आहे. नव्याने ख्रिस्ती झालेला एक ब्राह्मण पाद्रींना विचारतो की आमची पहिली पुराणे तुम्ही वाचू देत नाही, मग त्यांच्या जागी आम्हाला दुसरी पुराणे का देत नाही? पोर्तुगीज सत्तेखाली देवळे पाडली गेली होती, ग्रंथ नष्ट केले गेले होते, हे त्या प्रश्नामागचे दुःख आहे आणि ते झाकून ठेवण्यात अर्थ नाही. पण त्या माणसाने जे मागितले ते नेमके होते. नुसत्या शिकवणीने आत्मा जगत नाही. त्याला ओवी लागते, कथा लागते, संध्याकाळी एकत्र बसून ऐकावे असे काही लागते. स्टीफन्सला त्या माणसाच्या तोंडून हाक ऐकू आली, असे मी म्हणेन.

दोन पाचारणे एकमेकांवर आली तर

जेरार्ड मॅन्ली हॉपकिन्स हा इंग्रज कवी. १८६८ मध्ये येशूसंघात प्रवेश करण्याआधी त्याने स्वतःच्या कविता जाळल्या. त्याला कोणी तसे सांगितले नव्हते. धर्मगुरूच्या जीवनाशी कवितेचा मेळ बसत नाही असे त्याने स्वतःच ठरवले, आणि वरिष्ठांची इच्छा असल्याशिवाय लिहायचे नाही असा निश्चय केला. सात वर्षे तो जवळजवळ गप्प राहिला. १८७५च्या डिसेंबरमध्ये ‘डॉइचलँड’ नावाचे जहाज इंग्लंडच्या किनाऱ्याजवळ फुटले. जर्मनीतल्या कायद्यांमुळे देश सोडावा लागलेल्या पाच फ्रान्सिस्कन जोगिणी त्यात बुडाल्या. हॉपकिन्सला त्या बातमीने हलवून सोडले. वेल्समधल्या त्याच्या मठाचे प्रमुख सहज म्हणाले की यावर कोणीतरी कविता लिहायला हवी. एवढ्या शब्दांवर त्याचे मौन सुटले.

ती दीर्घ कविता त्याच्याच संघाच्या मासिकाने छापली नाही. १८८९ मध्ये तो ४४व्या वर्षी वारला. त्याच्या कवितांचे पुस्तक निघाले १९१८ मध्ये, एका मित्राच्या हातून. आज इंग्रजी कवितेत त्याचे स्थान फार वरचे आहे.

ही कथा त्यागाची म्हणून सांगितली जाते. मला त्यात दुसरेही दिसते. एका वरिष्ठाने बोललेल्या एका वाक्याने कवी मोकळा झाला. त्याआधीच्या सात वर्षांत तेच वाक्य कोणी बोलले नाही. आपल्याकडे एखाद्या पाळकाला, एखाद्या सिस्टरला असे वाक्य कोणी बोलते का?

घरच्यांनी न ओळखलेले पाचारण

पाचारण खरे की मनाचा खेळ, हे कसे ओळखावे? परंपरा दोन खुणा सांगते. एक आतली : काम सोडून दिले तरी ओढ सुटत नाही, आणि काम करताना माणूस देवाच्या जवळ जातो. दुसरी बाहेरची : मंडळीला त्यात देवाचे दान दिसते, तिला त्यातून काही मिळते. दोन्ही जुळल्या तर मार्ग मोकळा होतो. कधीकधी दुसरी खूण फार उशिरा दिसते.

आँजेलो द फोन्सेका यांचा जन्म १९०२चा, गोव्यातल्या सांत इस्तेव्ह बेटावरचा. आधी मुंबईत वैद्यकीय शिक्षणाला लागले, ते सोडून चित्रकलेकडे वळले, आणि पुढे शांतिनिकेतनला जाऊन अवनींद्रनाथ टागोर आणि नंदलाल बोस यांच्याकडे शिकले. गोव्यात परतल्यावर त्यांनी पवित्र मरीयेला साडीत रंगवली, येशूला या मातीतल्या गुरूसारखा रंगवला. मरीया यहूदी स्त्री होती. युरोपातल्या चित्रकारांनी तिला शतकानुशतके आपापल्या देशांतली वस्त्रे चढवली तेव्हा कोणाला काही खटकले नव्हते. पण फोन्सेकांची साडीतली मरीया गोव्यातल्या धर्माधिकाऱ्यांना आणि प्रतिष्ठितांना सोसली नाही. टीका इतकी झाली की त्यांनी गोवा सोडला.

ते पुण्याला आले आणि शिवाजीनगरच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात राहू लागले. आश्रम अँग्लिकन, फोन्सेका कॅथलिक. ज्या चर्चमध्ये ते वाढले तिथे त्यांच्या चित्रांना जागा नव्हती आणि दुसऱ्या पंथाच्या लोकांनी त्यांना राहायला आणि रंगवायला जागा दिली. वर्षानुवर्षे ते तिथे काम करत राहिले. त्यांनी गोव्यातल्या धर्मगुरूंना दूषणे देत आयुष्य काढले नाही आणि चित्रांतली साडीही उतरवली नाही. मला हे पाचारण या शब्दाला सर्वांत शोभणारे वागणे वाटते.

४ डिसेंबर १९६३ रोजी कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने उपासनेविषयीचा दस्तऐवज जाहीर केला. कोणत्याही एका शैलीला चर्चने आपली म्हटलेले नाही, सर्व लोकांच्या आणि प्रदेशांच्या कलेला चर्चमध्ये मोकळीक असावी, असे त्यात लिहिले आहे. फोन्सेका तीसेक वर्षांपूर्वीच ते करून बसले होते. १९६७च्या डिसेंबरमध्ये ते वारले. त्यांच्या चित्रांचा मोठा संग्रह आज पर्वरीच्या झेवियर इतिहास संशोधन केंद्रात आहे, म्हणजे ज्या गोव्याने त्यांना सामावून घेतले नाही त्याच गोव्यात.

गरिबांचे काय, आणि पोटाचे काय

‘भोवती इतकी गरिबी असताना रंगांवर आणि वाद्यांवर पैसा का घालवायचा?’ हा आक्षेप प्रामाणिक आहे आणि तो येशूच्या समोरच घेतला गेला होता. बेथानीत एका स्त्रीने जटामांसीच्या मोलवान सुगंधी तेलाची कुपी फोडून त्याच्या मस्तकावर ओतली. काही जण चिडले : हे ३०० दिनारांहून अधिक किमतीला विकून गोरगरिबांना देता आले असते. मजुराची दिवसाची मजुरी तेव्हा एक दिनार होती, म्हणजे जवळजवळ वर्षाची कमाई एका क्षणात सांडली. येशूने त्या स्त्रीला त्रास देऊ नका असे सांगितले, तिने चांगले केले म्हटले. त्याच दमात त्याने गरीब नेहमी तुमच्याजवळ आहेत, हवे तेव्हा त्यांचे भले करा, असेही सांगितले. गरिबांची सेवा आणि सुगंध यांतले एक निवडा, असे त्याने कोणाला सांगितले नाही. माझ्या मते हा आक्षेप घेणाऱ्यांनी एक विसरू नये : गरीब माणसालाही गाणे हवे असते, त्यालाही सुंदर चर्चमध्ये बसावेसे वाटते.

राहिला पोटाचा प्रश्न. पाचारण आहे म्हणजे फुकट करायचे, असा एक समज मंडळ्यांत घट्ट बसला आहे. नाताळच्या नाटकाचा पडदा रंगवणारा, गायकवृंदाला महिनाभर शिकवणारा, स्मरणिकेची रचना करणारा, यांना ‘सेवा समजून करा’ असे सांगितले जाते. विजेचे काम करणाऱ्याला मात्र त्याच इमारतीत त्याच आठवड्यात बिलाचे पैसे मिळतात.

बाखला पाचारणाविषयी शंका नव्हती आणि पगाराविषयी संकोचही नव्हता. १७३० मध्ये एका जुन्या मित्राला लिहिलेल्या पत्रात त्याने आपली मिळकत मोकळेपणाने मांडली आहे. अंत्यविधींच्या संगीताचे पैसे मिळत, पण लाइपझिगची हवा चांगली राहिली की माणसे कमी मरतात आणि कमाई घटते, त्यामुळे मागल्या वर्षी शंभराहून अधिक थालेरचे नुकसान झाले, असे तो लिहितो. येशूने शिष्यांना पाठवतानाही कामकरी आपल्या मजुरीस योग्य आहे असेच सांगितले होते.

टिळकांनी १९१७ मध्ये मिशनची पगारी नोकरी सोडली आणि ‘देवाचा दरबार’ हे ख्रिस्तभक्तांचे मंडळ सुरू केले. तो निर्णय त्यांचा होता. आपले घर, आपली प्रकृती, आपला देव यांच्याशी बोलून त्यांनी तो घेतला. एखाद्या कलावंताने आपणहून काही सोडणे आणि मंडळीने त्याच्याकडून ते गृहीत धरून काढून घेणे, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. विटांचा आकडा ठरवून गवत न देणारा फारो होता. मंडळीच्या कार्यकारिणीने वर्षाचे अंदाजपत्रक करताना गायन, चित्र आणि लेखन यांच्यासाठी एक ओळ ठेवावी, रक्कम लहान असली तरी चालेल. आणि ज्या मुलाने किंवा मुलीने ‘मला हे करायचं आहे’ असे म्हटले असेल, त्यांच्यासाठी त्याच रविवारी नाव घेऊन प्रार्थना करावी.